येऊन राहिली

शाळेच्या बाईंनी मला आमच्या स्टेशनचा इतिहास आणि तिथल्या सोयी यांवर दोन पानं लिहायला सांगितली आहेत. रूळ आता रुंद होणार आणि मोठी गाडी येणार, अशी बोलणी चालली आहेत. त्याआधी जुन्या स्टेशनवर एक मोठा फ्लेक्स लावायचा, त्यावर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी छापायच्या, कोणाची नावं टाकायची नाहीत, असं ठरलं आहे. बाईंना गोड आठवणी पाहिजेत. माझ्याकडे तशा नाहीत.

मी चौथी पास आहे. एक डोळा गेला. दुसऱ्याने वीतभर अंतरावरचं दिसतं, त्यापुढे सगळा धूर. म्हणून कागदाला नाक लावून लिहिते. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी धाकटी जाऊ. दोघींचे नवरे गेले. भाकर ती करते, कारण मला तवा दिसत नाही. ताट ठेवल्यावर ती सांगते, "ताट ठेवलं वं बाई, उजव्या हाताले." मग मी हात लावते आणि जेवते. या कागदात तिचीच गोष्ट आहे. ती ऐकल्यावर ती मला भाकर घालेल की नाही, हे मला माहीत नाही. माहीत नसतानाच लिहिते आहे.

इतिहास थोडका आहे. गोऱ्यांच्या कंपनीने कापूस न्यायला हे रूळ टाकले. माणसांसाठी टाकले नव्हते. कापसाला जागा झाल्यावर उरलेल्या जागेत माणसं बसायची. रूळ इतके जवळ की लुगडं न उचलता मी एका पावलात ओलांडत असे. गाडी मोठ्या लाइनच्या स्टेशनावरून निघायची आणि अचलपूरला जाऊन संपायची. दुसऱ्या दिवशी परत. मधे आमचं स्टेशन, गावापासून लांब, शेतात.

सोयी म्हणाल तर काळ्या दगडाची एक खोली, तिला कौलं. वेटिंग रूम, तिला दोन दरवाजे. कापसाच्या गाठी तोलायचा लोखंडी काटा. घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा. कडुनिंब, त्याभोवती उंच दगडी ओटा आणि ओट्यावर दोन रांजण. स्टेशनमास्तर होता असं सासू सांगायची, मी पाहिला नाही. माझ्या वेळेला तिकिटं गार्डच द्यायचा. माझा नवरा रुळाच्या कामावर होता. एका वैशाखात काम करता करता पडला, उठला नाही. त्याच्यानंतर रांजण भरायचं काम मला मिळालं. विहीर दूर होती. डोक्यावर एक, कमरेवर एक, अशा खेपा करायच्या. लोक पाणी प्यायचे, उरलेल्या पाण्याने पाय धुवायचे आणि पाणी गरम आहे म्हणायचे.

गाडी बंद पडली तेव्हा पेपरवाले आले होते. आमच्या गावच्या माणसांनी त्यांच्यासमोर डोळे पुसले. ही गाडी म्हणजे आमची माय होती, असं एकाने सांगितलं. त्याच महिन्यात वेटिंग रूमचे दोन्ही दरवाजे गेले. मग कौलं गेली, मग काटा. एक दरवाजा आमच्या शेळ्यांच्या कोठ्याला आहे. माझ्या दिरानेच तो बैलबंडीत घालून आणला होता. आता तिथे बाभळी आहेत आणि दारू पिणारे बसतात. बाईंनी हे फ्लेक्सवर लिहावं.

सगळ्यात मोठी सोय कुठल्या नियमात नव्हती. ती गाडी माणसासाठी थांबायची. गावाची पांदण, म्हणजे शेतांमधली बंडीवाट, रुळांच्या पलीकडच्या अंगाने येते. गाडी उभी राहिली की ती पांदण गाडीच्या आड जायची. गार्ड फलाटाच्या बाजूला, त्याला पलीकडचं काही दिसत नसे. मी रांजणाच्या ओट्यावर उभी राहिले की मला डब्यांच्या टपावरून पांदण थेट वळणापर्यंत दिसायची. तेव्हा माझे दोन्ही डोळे चांगले होते. गार्ड विचारायचा, कोणी आहे का. मी सांगायची. कोणी येत असेल तर गाडी उभी राहायची. म्हातारी असो, बकरी घेतलेला माणूस असो, पाच मिनिटं, दहा मिनिटं. गाडी तशीही उशिराच असायची. माझ्या कामात पाणी भरणं एवढंच लिहिलेलं होतं, पण गाव मला ओळखायचं ते या सांगण्यासाठी.

मग एक नवीन गार्ड आला. तिशीचा असेल. कोकणातला, समुद्राकाठच्या गावचा. आमच्या उन्हाने त्याची नाकपुडी फुटायची. डब्यात सुकी मासळी आणायचा, त्यामुळे लोक त्याच्या डब्यापासून लांब बसायचे आणि नाकाला पदर लावून हसायचे. मला मावशी म्हणायचा. पाणी मागायचा तेव्हा "जरा पाणी देता काय" असं विचारायचा. आमच्याकडे पाण्यासाठी कोणी असं विचारत नाही, हात पुढे करतात.

त्याच्या गावाला रेल्वे तो कॉलेजात असताना आली. त्याच्या बापाची आंब्याची झाडं त्या स्टेशनात गेली. स्टेशन डोंगरावर आहे, गाव खाली. फलाटावर उभं राहिलं की झाडांच्या वर एक निळी रेघ दिसते, तोच समुद्र, असं तो सांगायचा. तिथे नळाला पाणी, बसायला गुळगुळीत दगडाचे बाक, गाडी किती उशिरा आहे ते भोंग्यातून सांगतात. मी विचारलं, तिथली गाडी कोणासाठी थांबते का. तो म्हणाला, दोन मिनिटं. मंत्री येवो नाहीतर माझी आई येवो, दोन मिनिटं.

"मंग कायचं स्टेशन ते," मी म्हटलं.

तो हसला. त्याला माझं बोलणं अर्धंच कळायचं, पण तो हसायचा.

आता ज्या शब्दावरून सगळं झालं तो शब्द. आमच्याकडे कोणी वाटेत असेल तर 'येऊन राहिला' म्हणतात. म्हणजे येतो आहे. कोकणातल्या माणसाच्या कानाला त्याचा अर्थ आला आणि राहिला, मुक्कामाला राहिला, असा लागतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच्या पहिल्या आठवड्यात त्याने विचारलं, कोण येतंय काय. पांदणीने शाळेचे मास्तर छत्री घेऊन येत होते. मी म्हटलं, "मास्तर येऊन राहिले." त्याने मान हलवली, शिटी मारली आणि गाडी सोडली. मास्तर छत्री उगारून मागे पळाले. त्या गाडीमागे पळून तिला पकडता यायचं, पण मास्तरांचं वय झालं होतं. ते रुळावर बसले आणि गार्डच्या सात पिढ्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी गार्ड मला म्हणाला, "मावशी, तुम्हीच सांगितलंत ना, येऊन राहिले? मला वाटलं, मास्तर गावात आलेत आणि राहिलेत. आज जायचे नाहीत."

मी ओट्यावर बसून पोट धरून हसले. नवरा गेल्यापासून मी तेवढी हसले नव्हते. मग त्याने हात जोडले. म्हणाला, माझ्या कानाला तुमचं हे बसायचं नाही, तुम्ही आपलं मला सरळ सांगत जा, "येतायत, थांबा." थांबा हा शब्द आला की मी थांबेन. नाही आला की सोडेन.

त्या दिवसापासून मी तसं सांगायला लागले. उन्हाळा गेला, पाऊस लागला, रोज तसंच. "येतायत, थांबा." गाडीतले लोक मला चिडवायचे. बाई पुण्याची झाली, बाई रेडिओवर बोलून राहिली, म्हणायचे. मास्तरही हसायचे. सगळ्यांनी ऐकलेलं होतं. हे लक्षात ठेवावं.

आता जावेचं. ती माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. लग्नाला बारा वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. मला तर झालंच नाही. सासू होती तोवर दोघींना एकाच टोपल्यात घालायची. अंगणात शेळी व्याली की आमच्याकडे बघून शेळीचं कौतुक करायची. त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. एकाच शिव्या दोघींना मिळाल्या की माणसं जवळ येतात. मग सासू मेली आणि जावेला दिवस गेले.

मला वाईट वाटलं नाही. लोकांना वाटतं तसं काही नव्हतं. मी बाळासाठी दुपटं शिवलं. नवऱ्याचा रेल्वेचा निळा सदरा होता, धुऊन धुऊन मऊ झालेला. तो उसवला, आत जुनं लुगडं घातलं, कडेने हातटाका घातला. आठ दिवस लागले. सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण झालं. विधवेने ओटी भरायला पुढे जायचं नसतं, ते मला माहीत होतं. मागे भांडी घासत होते. बायका उठायला लागल्या तेव्हा दुपटं नेऊन तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते दोन बोटांनी उचललं.

"मेलेल्या माणसाचं कापड मह्या लेकराच्या आंगाले नाही लावत, बाई."

"धुतलेलं आहे," मी म्हटलं.

"मरण धुतल्यानं जाते काय?"

बायका हसल्या. फार नाही, तोंडावर हात ठेवून. तिने ते दिराकडे दिलं, दिराने ते बंडीत बसायच्या जागेवर टाकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यावर सरकीची पोती जाऊ लागली. तेव्हा आमच्या चुली वेगळ्या होत्या. मी माझ्या चुलीवर भात केला आणि जेवले.

ती आठव्या महिन्याच्या अखेरीला माहेरी जाणार, अचलपूरकडे, असं ठरलं होतं. गार्डलाही माहीत होतं. त्याला सगळ्यांचं सगळं विचारायची सवय होती. "धाकट्या वहिनी कधी निघतायत," असं त्याने दोनदा विचारलं होतं.

त्या दिवशी पावसाची चौथी सकाळ होती. आमच्या काळ्या मातीत तेवढा पाऊस झाला की जीप येत नाही, मोटारसायकल येत नाही, बंडीची चाकंही अर्धी बुडतात. सकाळी रांजण भरायला निघाले तेव्हा जाऊ दाराची चौकट धरून उभी होती. तोंड पांढरं पडलं होतं. पायाशी काही ओलं होतं, पाऊस आत आला असेल असंही म्हणता आलं असतं. मी विचारलं नाही. डोक्यावर पोतं घेतलं आणि गेले.

गाडी आली. डब्यात पाच-सहा माणसं, सगळ्या खिडक्या बंद. गार्ड मागच्या डब्याच्या दारात, अंगावर रेनकोट, हातात हिरवं निशाण गुंडाळलेलं. मी ओट्यावर होते. टपावरून पांदणीकडे बघितलं तर वळणावर आमची बंडी. दीर बैलांच्या पुढे चिखलात, वेसण ओढत होता. बंडीत जाऊ. ती आडवी पडलेली होती, मग कोपरावर उठली. तिने हात वर केला. हातात निळं दुपटं होतं, ते ती हलवत होती. रेल्वेत लाल निशाणाला अर्थ असतो आणि हिरव्याला असतो. निळ्याला काही अर्थ नसतो. पण मी ते ओळखलं. त्याचा टाका माझा होता.

गार्डने हाक मारली, "मावशी, कोण येतंय काय?"

मी म्हटलं, "मही जाऊ येऊन राहिली."

तो क्षणभर थांबला. माझ्याकडे बघत होता, पुढचा शब्द येतो का ते बघत होता. मी रांजणावरचं झाकण सरळ केलं.

"घरीच राहिल्या? बरं झालं, मावशी," तो म्हणाला. "अशा पावसात कुठे न्यायचं." आणि निशाण उघडलं.

ती गाडी एकदम पळत नसे. आधी धक्का, मग कुरकुर, मग माणूस चालतो तशी शंभर पावलं. तेवढ्यात मला दहा वेळा ओरडता आलं असतं. मी मोजलं नाही, पण नंतर कितीदा तरी त्याच ओट्यावर उभं राहून गाडी सुटताना बघितली आहे, म्हणून सांगते. गाडी पुढे सरकली तसा तिचा आडोसा गेला आणि पांदण उघडी पडली. दीर बैल सोडून पळत येत होता. एक चप्पल चिखलात राहिली, मग तो तोंडावर पडला. गार्ड दाराच्या आत गेला होता. पाऊस त्याच्या तोंडावर येत होता ना.

दुपटं हलायचं थांबलं होतं.

तिला तशीच बंडीतून डांबरी रस्त्यापर्यंत नेली. पोचेपर्यंत दिवस मावळायला आला. तिथून ट्रक मिळाला. दवाखान्यात मूल मेलेलं निघालं, मुलगा होता. तिची पिशवी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते. हे दिराने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी त्याच्यासाठी चहा ठेवला होता. चहा त्याने घेतला.

तिसऱ्या दिवशी गावाने गाडी अडवली. गार्डला खाली ओढला. दिराने त्याच्या तोंडात मारली, उरलेली एक चप्पल काढून. मग बाकीच्यांनी मारलं. ज्यांना मुलाशी घेणं ना देणं तेही होते, कारण मार फुकट होता. त्याला कान धरायला लावून रुळावर उभा केला. एक जण म्हणाला, मासळीखाऊला माणसाची काय किंमत. गाडीतल्या बायका खिडकीतून बघत होत्या. मी रांजणापाशी होते. तो सारखा माझ्याकडे बघत होता.

मग रेल्वेचा साहेब आला चौकशीला. वेटिंग रूममध्ये टेबल टाकलं. गाव दाराशी जमलं, मास्तर पुढे, छत्री टेकून. साहेबाने मला विचारलं, तुम्ही गार्डला नेमकं काय सांगितलं.

"मी सांगितलं, मही जाऊ येऊन राहिली."

साहेबाने लोकांना विचारलं, याचा अर्थ काय. सगळे एकदम बोलले. येते आहे, लहान लेकरालेही समजते, असं म्हणाले आणि हसले. गार्डला मराठी येत नाही म्हणून हसले. गार्ड म्हणाला, साहेब, यांचं आणि माझं ठरलेलं होतं. यांनी 'थांबा' म्हणायचं. रोज म्हणतात. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

साहेबाने माझ्याकडे बघितलं.

"मी अडाणी बाई, साहेब," मी म्हटलं. "मले जसं येते तसं बोलली."

गाडीत बसून मला पुण्याची म्हणून चिडवणारे तिथे होते. गाडीत चहा विकणारा होता. मास्तर होते, ज्यांच्यामुळे ते ठरलं होतं. मास्तरांनी छत्रीच्या टोकाने फरशीची माती उकरली. कोणीच काही बोललं नाही. त्यांनी त्याला आधीच मारलं होतं. आता तो बरोबर निघाला असता तर मार परत कसा घ्यायचा?

त्याची बदली झाली. कुठे, ते कळलं नाही. शेवटच्या दिवशी आला तेव्हा एका डोळ्याखाली अजून काळं होतं. बाटली पुढे केली. पाणी देता काय, असं विचारलं नाही. मी बाटली भरत असताना म्हणाला, "मावशी, त्या दिवशी तुम्हाला थांबा म्हणायचं नव्हतं."

मी बाटली भरून दिली. पाणी द्यायचं काम होतं माझं, ते केलं.

जाऊ तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडली. तिचं धुणं मी धुतलं, तिला खायला मी घातलं. गाव म्हणायचं, मोठी जाऊ असावी तर अशी. आमच्या चुली एक झाल्या त्या तेव्हा. मग वर्षं गेली, दीर गेला, माझे डोळे गेले, आणि करणारी ती झाली, खाणारी मी. ती रोज त्या गार्डला शिव्या देते. चुलीत लाकूड सारताना देते, भाकर उलटताना देते. त्याचं नाव, त्याच्या गावाचं नाव, त्याची मासळी, त्याच्या बायकोच्या कुशीला काय होवो ते. ते ऐकत मी जेवते. मला ते ऐकण्याची इतकी सवय झाली आहे की ते नसलं तर भाजीत मीठ कमी आहे असं वाटतं.

मागच्या आठवड्यात शाळेच्या बाई आल्या. जावेला लिहिता येत नाही, म्हणून तिची आठवण त्यांनी लिहून घेतली आणि आम्हाला वाचून दाखवली. समुद्राकाठच्या एका निर्दयी गार्डने कसं बाळ मारलं, हे त्यात नीट लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, ही घटना मोठ्या आजींनी डोळ्यांनी पाहिली आहे. तिथे माझी सही पाहिजे होती. जावेने माझ्या हातात पेन दिलं आणि कागदावर माझा हात नेऊन ठेवला.

मी सही केली नाही. मला पश्चात्ताप झाला असं कोणी समजू नये. तो व्हायचा असता तर त्या शंभर पावलांत झाला असता. पण मी आजवर या गोष्टीत एक शब्द खोटा बोलले नाही. 'येऊन राहिली' हे खरं होतं. साहेबापुढे बोलले तेही, एक अडाणी सोडून, खरं होतं. या सहीने पहिल्यांदा खोटं झालं असतं, आणि ते मला या वयात करायचं नाही. मी म्हटलं, माझं मी वेगळं लिहीन. जाऊ म्हणाली, काहून? मी म्हटलं, लिहून झाल्यावर ऐकवते.

इथपर्यंत लिहिलं आणि काल दुपारी तिला ऐकवलं. ती तूर निवडत होती. कागद नाकाशी धरून मी सगळं वाचलं, दरवाज्याचं, दुपट्याचं, झाकणाचं. सुपाचा आवाज मधेच कुठेतरी थांबला. कुठे, ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी वाचत होते. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी केली. मग ती बोलली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मला तुमी म्हणत आली आहे.

"दुपटं दिसलं होतं तुले?"

"दिसलं."

"मी हालवून राहिली होती, ते?"

"हो."

ती उठली. तूर डब्यात ओतल्याचा आवाज आला, झाकण बसल्याचा आला. रडण्याचा आला नाही. गार्डला शिवी आली नाही.

आज सकाळी चूल पेटली. भाकरी थापल्याचं ऐकलं, दोन माणसांच्या थापल्या. वास आला. मी माझ्या जागेवर जाऊन बसले. ती बोलली नाही. मी हात फिरवला, उजव्या बाजूला काही नाही, डाव्या बाजूला काही नाही. उंबऱ्याकडे सरकले, तिथे नाही. खांबापाशी तांब्या लागला, तो सांडला. ती समोर कुठेतरी बसून जेवत होती, भाकर मोडल्याचा आवाज येत होता, आणि ती मला बघत होती, हे मला डोळ्यांशिवाय कळत होतं. ताट मला फार उशिरा सापडलं. भिंतीच्या कडेला, मागे ठेवलेलं होतं. भाकर होती, भाजी होती, तिखटाचा गोळा होता, काही कमी नव्हतं. वर मुंग्या होत्या.

मी मुंग्या झटकल्या आणि जेवले. कुठे ठेवलं, असं मी तिला विचारलं नाही.

बाईंना पान पाहिजे, ते हे आहे. त्या उद्या येतील तेव्हा जाऊ त्यांना देईल, नाहीतर चुलीत घालेल. उद्या ताट कुठे असेल ते मला माहीत नाही. हात फिरवीन.